शनिवारचा अबोला

"मॅच हरली की नवरा दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही, हे नॉर्मल आहे का?" मी नेब्रास्कात समुपदेशन करते, त्यामुळे सप्टेंबर ते नोव्हेंबर हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात, अमेरिकन आणि आपल्याही. त्यातल्या एका मराठी घराची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी या राज्याबद्दल थोडं सांगायला हवं. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि त्याच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, नेब्रास्काचा संघ नाही. जे काही आहे ते विद्यापीठाचा लाल जर्सीतला संघ, कॉर्नहस्कर्स. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममधल्या घरच्या सामन्यांची सगळी तिकिटं १९६२पासून दर वेळी खपत आली आहेत. सामन्याच्या शनिवारी ऐंशी-नव्वद हजार माणसं तिथे बसतात, म्हणजे तेवढ्या वेळापुरतं ते स्टेडियम ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं. बारसं असो की मंडळाची मीटिंग, तारीख धरण्याआधी सामन्यांचं वेळापत्रक बघायचं, हे नव्याने आलेल्या मराठी माणसालाही महिन्याभरात कळतं. १९७० आणि १९७१, मग १९९४, १९९५ आणि १९९७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं या संघाने मिळवली. त्यानंतर उतरती कळा लागली. ती का लागली, याबद्दल इथे दर घरात दोन तरी मतं सापडतील.

बाई पहिल्यांदा एकट्याच आल्या, २०२२च्या ऑक्टोबरमध्ये. लिंकनहून ओमाहा तासाभराचा रस्ता. "ताई, बापलेक महिनाभर बोलत नाहीयेत. कारण सांगितलं तर हसाल," म्हणाल्या. मी हसले नाही, कारण कारण काय असणार याचा अंदाज होता. ११ सप्टेंबरच्या रविवारी विद्यापीठाने कोच स्कॉट फ्रॉस्टला काढलं होतं. आदल्या रात्री जॉर्जिया सदर्न या कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या संघाने नेब्रास्काला त्यांच्याच मैदानावर ४५–४२ असं हरवलं होतं.

मुलगा विद्यापीठातच शिकतो, त्या दिवशी घरी आला होता. पोह्यांची बशी हातात, दुसऱ्या हातात फोन. बातमी वाचून तो "सुटलो एकदाचे!" असं ओरडला. वडील म्हणाले, "तीन आठवडे थांबले असते तर साडेसात मिलियन वाचले असते." हे खरंच होतं. करार मोडल्याची भरपाई त्या दिवशी १ कोटी ५० लाख डॉलर होती, १ ऑक्टोबरनंतर ती ७५ लाखांवर येणार होती. (पाणी सोडायचं तर हिशेबाने सोडावं, हा आपला मध्यमवर्गीय संस्कार सातासमुद्रापारही शाबूत राहतो.) मुलगा म्हणाला, "बाबा, पैसे तुझे आहेत का?" त्यावर वडील, "तुझ्यासारख्या लोकांमुळेच या टीमची ही दशा झालीय." मुलाने पोहे तसेच ओट्यावर ठेवले आणि गाडी काढून हॉस्टेलवर निघून गेला. तेव्हापासून फोन फक्त आईला.

अशा केसमध्ये मी काही प्रश्न आधी एकटीला विचारते, आणि ते टाळत नाही. हरल्यावर पिणं वाढतं का? रागात गाडी चालवतात का? कधी हात उगारला आहे का? पैसे लावतात का? शेवटचा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे, कारण मिसुरी नदी ओलांडली की आयोवा, आणि आयोवात २०१९पासून मोबाइलवरून सामन्यांवर पैसे लावणं कायदेशीर आहे. पुलापलीकडे जाऊन पार्किंगमध्ये बसून पैजा लावणारी माणसं मला माहीत आहेत. हात उगारण्याचा प्रश्नही उगाच नसतो. व्यावसायिक फुटबॉलच्या सामन्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं, की जिंकेल अशी खात्री असलेला गावचा संघ अनपेक्षितपणे हरला की पुरुषांकडून घरात होणारी मारहाण सुमारे १० टक्क्यांनी वाढते. बाईंनी चारही प्रश्नांना स्वच्छ नाही म्हटलं. मग म्हणाल्या, "फक्त शांतता असते हो. ती शांतताच मला नको झालीय."

पुढच्या वेळी तिघेही आले. वडील लाल टोपी घालूनच.

मी त्यांना वाद थांबवायला सांगितलं नाही. टेबलावर लांब कागद पसरला, त्यावर १९९७पासून २०२२पर्यंतची वर्षं लिहिली आणि दोघांना दोन रंगांची पेनं दिली. आपापल्या डोळ्यांनी पाहिलेले, लक्षात राहिलेले सामने लिहायचे, एवढंच. वडिलांनी १९९७वर दोन ओळी भरल्या. त्याच ऑगस्टमध्ये ते एमएस करायला लिंकनला उतरले होते. नोव्हेंबरमध्ये मिसुरी विद्यापीठाविरुद्ध सामना हातचा गेला असं वाटत असताना चेंडू एका खेळाडूच्या पायाला लागून उडाला आणि जमिनीवर पडायच्या आत दुसऱ्याने झेलला. जादा वेळेत नेब्रास्का ४५–३८ने जिंकलं. चौघा रूममेट्सबरोबर सेकंडहँड टीव्हीवर त्यांनी तो पाहिला. त्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा मुख्य खेळाडू कोण, तर हाच फ्रॉस्ट. जानेवारीत टेनेसीला हरवून संघाने विजेतेपद घेतलं आणि २५ वर्षं कोच असलेले टॉम ऑस्बर्न निवृत्त झाले. "मला इथे कुणी ओळखत नव्हतं," वडील म्हणाले. "ही टोपी घातली की दुकानातला म्हातारा आपणहून बोलायचा."

मुलाचा जन्म २००२चा. त्याच्या पेनाची पहिली खूण २००९वर पडली, डिसेंबर, टेक्सासविरुद्धची बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठांच्या लीगची, फायनल. घड्याळ शून्यावर आलं, नेब्रास्का जिंकलं असं वाटलं, आणि पंचांनी एक सेकंद परत दिला. त्या एका सेकंदात टेक्सासने किक मारून १३–१२ने सामना घेतला.

"तो सेकंद आठवतो ना?" वडिलांनी उत्साहाने विचारलं. महिन्याभरातलं त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"सेकंद नाही आठवत," मुलगा म्हणाला. "पावभाजी आठवते. आईने केली होती. तू टीव्ही बंद केलास आणि न जेवता झोपायला गेलास. आईने भाजीचं अख्खं पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं आणि मला म्हणाली, पाय न वाजवता वर जा. मी सात वर्षांचा होतो. मला वाटलं, मी काहीतरी केलं."

वडिलांना पावभाजी अजिबात आठवत नव्हती.

थोड्या वेळाने मुलगाच पुढे म्हणाला, की त्याला फ्रॉस्टबद्दल वैयक्तिक काही नाही. डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ११ गुणांची आघाडी असताना ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मुद्दाम जवळ मारायची किक. ती फसली आणि सामना ३१–२८ने गेला, याचा राग आहेच. "पण मला कोच बदलायला हवा होता तो घरातला शनिवार बदलेल म्हणून."

माझ्या मते या वादाची खरी गाठ इथे होती. चाहत्यांमध्ये 'कोच ठेवा' आणि 'कोच काढा' असे दोन पक्ष पडतात, आणि दोघांना वाटतं की आपण एकाच संघाबद्दल बोलतोय. मुळात पाहिलेले संघच वेगळे असतात. वडिलांच्या डोळ्यांसमोर १९९७ आहे, त्यामुळे २०२१ची ३–९ (तीन विजय, नऊ पराभव) ही कामगिरीसुद्धा त्यांना 'थोडक्यात हुकलेलं' वर्ष वाटते. त्यालाही आधार आहे, नऊही पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी झाले होते. मुलाने या संघाला आपल्या कॉन्फरन्सचं विजेतेपद कधी जिंकताना पाहिलेलंच नाही, शेवटचं १९९९चं. तो संयम कशाच्या जोरावर ठेवणार? आपल्याकडे २००५च्या सुमारास गांगुली की चॅपेल यावरून घराघरांत वाद पेटले, तेव्हाही वय सांगितलं की बाजू ओळखता यायची.

बाईंनी मधेच विचारलं, "पण एवढं लावून का घ्यायचं? खेळच तर आहे." हे वाक्य मी सगळ्यांनाच गाळायला सांगते. हरलेल्या माणसाला त्याने आराम पडत नाही, उलट आपलं दुःख खुळचट आहे असं त्याला ऐकू येतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा १९७६चा प्रसिद्ध अभ्यास आहे. संघ जिंकला की सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त घालतात, हरला की कमी. पण कट्टर चाहत्यांना हे जमत नाही, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. वरवरचा चाहता हरल्यावर अंग काढून घेतो, कट्टराला ती सोय नसते. आमचे हे गृहस्थ सलग पाच पराभवांनंतरही टोपी घालणारे. त्यात कोच ठेवायचा की काढायचा, हे ठरवण्याचा अधिकार चाहत्याला कणभरही नाही. मग तो जिथे अधिकार चालतो तिथे, म्हणजे घरात, निकाल लावून घेतो.

वाद करायचा तर एक अट मी घातली. स्वतःचं बोलण्याआधी समोरच्याची बाजू अशी मांडायची, की त्याने "हो, अगदी हेच" म्हणायला हवं. मुलाने वडिलांची बाजू मांडली: २००३ला नऊ सामने जिंकूनही फ्रँक सोलिचला काढलं, पुढच्याच वर्षी विजयांपेक्षा पराभव जास्त झाले, १९६१नंतर पहिल्यांदाच, २०१४ला दरवर्षी किमान नऊ सामने जिंकणाऱ्या बो पेलिनीला काढलं, नंतरच्या कोचने तीन वर्षांत १९ जिंकले, १९ हरले. वडील "अगदी!" म्हणाले, खुर्चीतून जवळजवळ उठलेच. मग त्यांनी मुलाची बाजू मांडली, फ्रॉस्टचे १६ विजय आणि ३१ पराभव, जरा अडखळत, पण मांडली.

कॉलेज फुटबॉलमधल्या कोचबदलांवरच एक अभ्यास आहे, तोही मी त्यांना सांगितला. मध्यम कामगिरीच्या संघांनी कोच बदलला तर पुढची काही वर्षं संघ थोडा आणखी घसरतो. अगदी तळाच्या संघांनी बदलला तर फारसा फरक पडत नाही. वडिलांनी सोलिच आणि पेलिनी आपल्या खात्यात जमा केले. मुलगा म्हणाला, "म्हणजे फ्रॉस्टला काढून नुकसान तर नाही ना झालं?" निकाल लागला नाही, पण दोघे हसले.

सगळ्यात अवघड काम बाईंच्या वाट्याला आलं. इतकी वर्षं त्या कुकर लावण्याआधी स्कोअर बघायच्या. हरत असतील तर भारतात फोन करायच्या नाहीत, मुलाला आवाज करू द्यायच्या नाहीत. घर सांभाळण्यासाठीच हे चाललं होतं, पण त्यामुळे पराभवाची वर्दी सगळ्यात आधी त्यांच्या वागण्यातूनच घरभर जायची. ठरलं असं, की स्कोअर काहीही असो, जेवण साडेसातला. वडिलांनी सामन्यानंतर आधी बाहेर एक फेरी मारून यायची, आणि कोचचा विषय रविवारच्या चहाच्या आत काढायचा नाही. पहिल्या दोन शनिवारी ते ताटावर आले, चार घास खाऊन उठले. चालेल, मी म्हटलं. ताटावर आले ना.

नोव्हेंबरअखेर नवा कोच म्हणून मॅट रूलची नेमणूक झाली, आठ वर्षांचा करार, ७ कोटी ४० लाख डॉलर. २०२३चे शेवटचे चारही सामने संघ हरला, चारही किरकोळ फरकाने, आणि वर्ष ५–७वर संपलं. तेव्हा गंमत झाली. वडीलच म्हणायला लागले, "ह्यालाही काढा." आणि मुलगा बाजू घेऊन उभा: "बाबा, आधी बेलर विद्यापीठाचा कोच असताना रूल पहिल्या वर्षी १–११ होता, तिसऱ्या वर्षी ११–३. थांब जरा." बाईंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा मागून दोघांचे चढे आवाज ऐकू येत होते. मी विचारलं, जेवण झालं का? "हो, झालं. आता ताटं कोण उचलणार यावरून चाललंय."

ज्यांच्या घरी असंच काही चालू आहे, त्यांनी वादाच्या आवाजाकडे कमी आणि नंतरच्या तासांकडे जास्त लक्ष द्यावं. सोमवारपर्यंत माणूस कामाला, जेवणाला, झोपेला लागला, तर तो चाहता आहे. मंगळवारीही झोप नाही, पैशांचा हिशेब लपवला जातोय, पिणं वाढलंय किंवा घरातल्या कुणाला त्याची भीती वाटतेय, तर सीझन संपायची वाट बघू नका. भीती वाटणाऱ्याने आधी एकट्याने यावं, सगळ्यांना घेऊन नंतर.

या कुटुंबाला मी दरवर्षी ऑगस्टमध्ये, पहिल्या सामन्याआधी, एक वेळ देऊन ठेवते. या वर्षी ती मुलाने मागून घेतली.