मझललोडर रायफलीचा अडकलेला ब्रीच प्लग कसा सोडवायचा?

अमेरिकेतला शिकारीचा हंगाम संपल्यावर इनलाइन मझललोडर (तोंडाकडून दारू-गोळी भरायची आणि सरळ मागून पेटणारी रायफल) साफ न करता ठेवली आणि आता ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणारा आट्यांचा बूच, हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सगळ्यात आधी प्राइमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) काढा आणि तोंडातून गज घालून बघा. तो थेट प्लगपर्यंत पोचलाच पाहिजे. आत बार भरलेला असेल तर पान्याला हात लावू नका, बंदूक दुरुस्त करणाऱ्याला विचारा.

अडकवते ती बहुतेकदा आट्यांत साचलेली दारूची काजळी. तिच्यातले क्षार ओल धरतात आणि गंज चढतो. पण ती पाण्यात विरघळते, म्हणून आधी गरम साबणाचं पाणी, मग नळी नीट वाळवून गंज सोडवणारं तेल. दोन-तीन दिवस मुरू द्या, खरंच घाई करू नका. नंतर चामडं लावून नळी व्हाइसमध्ये धरा, कंपनीचाच पाना पूर्ण बसवा आणि पान्यावर हलके ठोके द्या. गॅसच्या ज्योतीने (ब्लोटॉर्चने) तापवू नका, पोलादाचा कस जातो. सुटला की आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे अडकू न देणारं ग्रीस लावा.

जुन्या धाटणीच्या साइडलॉक (बाजूला घोडा असलेल्या) बंदुकीचा प्लग मात्र घरी काढायचाच नसतो. ती तोंडाकडूनच साफ करतात.