अपग्रेडनंतर एनजिनएक्स या वेब सर्व्हरची नवी लॉग फाइल रिकामीच का राहते?
भाऊ, नवी फाइल शून्य बाइटची अन् सगळं जुन्या, नाव बदललेल्या फाइलमध्येच लिहून राहिलं म्हणता, म्हणजे लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइलचं नाव बदलून नवी बनवणारं टूल) चालून राहिलंय, फक्त एनजिनएक्सला कोणी सांगत नाही का आता नवी फाइल उघड. त्यासाठी एनजिनएक्सच्या चालू प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल, म्हणजे लॉग फाइल पुन्हा उघडायचा इशारा, द्यावा लागतो. पोस्टरोटेटमधला (लॉगरोटेटच्या कॉन्फिगमधली, फाइल बदलल्यावर चालणारी स्क्रिप्ट) पीआयडी फाइलचा (जिच्यात चालू प्रोसेसचा नंबर असतो) पाथ एनजिनएक्सच्या मेन कॉन्फिगशी जुळवून पाहा, नागपूरला आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर तिथंच गडबड निघाली होती, कारण पीआयडी फाइल सापडली नाही तर स्क्रिप्ट चुपचाप पुढं जाते, एररही दाखवत नाही. पाथ जुळला का एकदा हातानं लॉगरोटेट फोर्स करून पाहा. अन् डिस्क भरली म्हणून जुनी फाइल डिलीट करू नका बापा, प्रोसेसनं ती उघडी धरलेली असते तोवर जागा सुटतच नाही, आधी सिग्नल पाठवा.