आजी झालीस, आता नाताळ असा कर

बाय, खेळण्यांची काळजी सोड, ती आई-बाप आणतीलच. नातू तीन वर्षांचा झाला ना? मग येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा तुम्ही दोघं मांडा. त्याला सांग, असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरे बैल-गाढव आणून गोठा मांडला होता. आपल्या वसईतला पेंढाही खराच असू दे.

गव्हाणी मात्र रिकामी ठेव. चोवीसच्या रात्री चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर बाळ येशूला त्याच्याच हातून निजव. माझ्या नातीने मूर्तीवर स्वतःचा रुमाल घातला, "थंडी वाजेल त्याला" म्हणाली. मला हुंदकाच आला गं.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चार रविवारी एकेक मेणबत्ती लाव. तिसरी गुलाबी, आनंदाची. प्रार्थना दोन ओळींची पुरे. लांबवलीस तर पोर कंटाळेल.

कुलकुलं, म्हणजे नाताळचा तळलेला गोड फराळ, करताना त्याला जवळ घे. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायला शिकव. वाकडी झाली तरी हात लावू नकोस, तशीच तळ. तळताना फक्त त्याला चुलीपासून लांब बसव. पहिला घास आजोबांना त्याच्याच हातून भरव.