वाचकांचे प्रश्न : उपग्रहाला धूर किती आणि कसा दिसतो?

सातशे किलोमीटरवरून हवेतले बारीक कण मोजतात तरी कसे? (नाशिक)

कण कोणी मोजत नाही. उपग्रह मोजतो तो उजेड. टेरा (१९९९) आणि अ‍ॅक्वा (२००२) या उपग्रहांवरचं मोडिस हे उपकरण वर येणारा प्रकाश तरंगलांबीच्या ३६ पट्ट्यांत टिपतं; त्यातले २० पट्टे जमिनीवरून आणि हवेतून परत वर आलेल्या सूर्यप्रकाशाचे. पुढचं सगळं हिशेबाचं काम. त्यातून जो आकडा निघतो त्याला एरोसोल (हवेत तरंगणारे बारीक कण) ऑप्टिकल डेप्थ, थोडक्यात एओडी, म्हणतात. एओडी ०.३ म्हणजे सूर्य डोक्यावर असताना थेट खाली येणाऱ्या प्रकाशातला सुमारे २६ टक्के भाग कणांनी वाटेतच विखुरला किंवा गिळला. एओडी १ झाली की हाच भाग ६३ टक्के होतो.

खरी डोकेदुखी जमिनीची असते, कारण वर आलेल्या उजेडात जमिनीचाही वाटा असतो आणि तो वजा करावा लागतो. त्यासाठी एक युक्ती आहे. २.१ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अवरक्त प्रकाशाला धुराचे बारीक कण जवळपास पारदर्शक असतात, त्यामुळे त्या पट्ट्यात जमीन स्वच्छ दिसते. हिरव्या रानात या पट्ट्यातल्या परावर्तनाच्या साधारण निम्मं लाल आणि पाव निळं परावर्तन असतं. समजा २.१ मायक्रॉनला जमीन ०.१० परावर्तन देते. मग लाल रंगात जमिनीकडून ०.०५ यायला हवं. हवेच्या रेणूंचा वाटा काढून उपग्रहाला ०.०९ दिसलं, तर वरचे ०.०४ कणांचे. (प्रत्यक्षात कोनांचं गणितही त्यात येतं, हे सोपं करून सांगितलं.)

हे गणित हिरव्या जमिनीवर बसतं. एप्रिल-मेमधलं नांगरून उघडं पडलेलं रान, शहरातलं काँक्रीट, वाळवंट इथे निम्म्या-पावचा नियमच मोडतो. तिथे ०.४१२ मायक्रॉनचा गडद निळा पट्टा वापरतात, कारण त्या रंगात वाळवंटही काळपट दिसतं. एवढं करून जमिनीवरच्या एओडीत ०.०५ अधिक मूळ आकड्याच्या १५ टक्के एवढी चूक गृहीत धरतात. म्हणजे ०.४ वाचलं तर ०.११ इकडे-तिकडे, आणि तेही साधारण तीनपैकी दोन वेळा. पडताळणीसाठी जमिनीवरून थेट सूर्याकडे रोखलेले फोटोमीटर असतात. त्यांची चूक ०.०१ ते ०.०२ एवढीच. एरोनेट या जागतिक जाळ्यातलं असं एक केंद्र पुण्यात आहे, एक कानपूरला.

त्यातलं माणसाने सोडलेलं किती, हे कसं कळतं? (सोलापूर)

आकारावरून अंदाज बांधतात. धूर आणि सल्फेटचे कण बारीक, त्यामुळे निळ्याकडून लालकडे जाताना त्यांचा परिणाम झपाट्याने घटतो. धूळ आणि समुद्री मीठ जाडं, त्यांचा परिणाम सगळ्या रंगांत जवळपास सारखा. टेरावरच्या मिसर उपकरणाचे नऊ कॅमेरे एकच जागा नऊ कोनांतून बघतात. कॅलिप्सो उपग्रहाचा लेसर (२००६ ते २०२३) ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींची एकाच दिशेतली कंपनं, तपासायचा : गोल थेंबावरून परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण टिकतं, वेड्यावाकड्या धूळकणावरून परतताना बिघडतं.

पण बारीक म्हणजे माणसाचं, असं समीकरण मांडू नका. वीज पडून पेटलेल्या जंगलाचा धूर आणि शेतात पेटवलेल्या पाचटाचा धूर वरून सारखेच दिसतात. शेवटची वाटणी उत्सर्जनाच्या नोंदी आणि संगणकी प्रारूपंच करतात. ‘उपग्रहाने मानवी वाटा मोजला’ अशी बातमी वाचाल तेव्हा मध्ये एक प्रारूप आहे हे धरून चाला.

थंडीत पुण्यात हवा वाईट असल्याचा आकडा येतो, पण उपग्रहाच्या नकाशावर तेवढं दिसत नाही. खोटं कोण? (पुणे)

दोघंही खरे. एओडी ही जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या उभ्या थराची बेरीज, पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण) नाकाच्या उंचीवरचं. थंडीत सकाळी प्रदूषण खालच्या काहीशे मीटरांत कोंडतं. बेरीज बेताची, पण आपण नेमके त्यातच. मे महिन्यात धूळ दोन-तीन किलोमीटरवरून जाते : बेरीज मोठी, खाली त्रास कमी. शिवाय टेरा सकाळी साडेदहाच्या आणि अ‍ॅक्वा दुपारी दीडच्या सुमारास जायचा, म्हणजे सकाळची कोंडी दोघांच्याही हाती लागत नाही.

काळा धूर तापवतो की गारवतो? (कोल्हापूर)

खाली काय आहे त्यावर ठरतं. काळ्याभोर समुद्रावर तोच धूर उजळ दिसतो आणि जास्त ऊन परत पाठवतो. पांढऱ्या ढगावर आला की उजेड गिळतो, म्हणजे तापवतो. अंगोला-नामिबियाच्या पश्चिमेला समुद्रावर दरवर्षी हेच घडतं : खाली पांढऱ्या ढगांची चादर, वर आफ्रिकेतल्या आगींचा धूर. म्हणून धूर ढगाच्या वर आहे की खाली, हे सांगणारा लेसर इतका मोलाचा.

हवामानबदलाच्या हिशेबात या कणांचा आकडा इतका संदिग्ध का? (ठाणे)

आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालात १७५० ते २०१९ या काळातला कणांचा एकूण परिणाम दर चौरस मीटरला उणे १.१ वॅट (उणे म्हणजे गारवा, अधिक म्हणजे ताप) दिला आहे, पण आवाका उणे १.७ ते उणे ०.४. कार्बन डायऑक्साइडचा अधिक २.१६. म्हणजे कणांनी त्या तापमानवाढीचा बराच भाग झाकून ठेवला आहे, पण नेमका किती, यावर चारपटीचा फरक. उणे १.१ मधले सुमारे ०.८ ढगांच्या वाटचे, आणि गोंधळ आहे तो तिथे.

ढगातलं पाणी तेवढंच ठेवून थेंबांची संख्या दुप्पट केली, तर प्रत्येक थेंबाची त्रिज्या सुमारे २१ टक्क्यांनी घटते आणि एकूण पृष्ठभाग २६ टक्क्यांनी वाढतो. ढग जास्त पांढरा होतो. उपग्रह थेंबाचा आकार दोन पट्ट्यांतून काढतो : ०.८६ मायक्रॉनवरून ढग किती जाड ते कळतं, आणि २.१ किंवा ३.७ मायक्रॉनला पाणी प्रकाश शोषतं, तिथे मोठा थेंब जास्त काळा दिसतो.

मग कण जास्त तिथे ढग कसे, असा आलेख काढला की झालं? इथेच फसगत होते. दमट हवेत सल्फेटचे कण पाणी पिऊन फुगतात, एओडी वाढते. त्याच दमटपणाने ढगही वाढतात. दोन्ही आकडे हातात हात घालून चढतात आणि वाटतं, कणांनी ढग केले. ढगाच्या कडेला तर उपग्रहाला ढगाचा सांडलेला उजेडही कणांचाच वाटतो.

म्हणून निसर्गाने किंवा माणसाने आयते करून दिलेले प्रयोग शोधतात. आइसलँडमध्ये होलुह्राउन इथे ऑगस्ट २०१४ ते फेब्रुवारी २०१५ ज्वालामुखीतून गंधकाचा वायू सुटत होता. मोडिसला ढगांचे थेंब बारीक झालेले स्पष्ट दिसले, पण ढगातलं पाणी फारसं हललं नाही. दुसरा प्रयोग जहाजांचा. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आली, आणि ढगांवर उमटणाऱ्या जहाजांच्या पांढऱ्या रेघा ठळकपणे कमी झाल्या. त्यामुळे पृथ्वी किती तापली, यावर मात्र अजून जुंपलेली आहे.

आणि एक गोष्ट उपग्रह कधीच देणार नाही : १७५० चं आभाळ. स्वच्छ हवेत पहिले थोडे कण ढगाला जितके बदलतात, तितके आधीच मळलेल्या हवेत टाकलेले कण बदलत नाहीत. सुरुवात कुठून झाली हेच धूसर, तर फरक कसा नेमका निघणार?

घरबसल्या हे बघता येतं का? (रत्नागिरी)

नासाचं वर्ल्डव्ह्यू हे संकेतस्थळ फुकट आहे. ‘अ‍ॅड लेयर्स’ दाबून एरोसोल ऑप्टिकल डेप्थ निवडा, तारीख टाका. सुरुवात जानेवारीत कोकणासमोरच्या अरबी समुद्रापासून करा : खाली काळा समुद्र, आणि वारे जमिनीकडून वाहणारे, त्यामुळे धुराची जीभ समुद्रावर सरकताना दिसते. हिंदी महासागरावरच्या १९९९ च्या इंडोएक्स या संशोधन मोहिमेत मालदीवपर्यंत मोजली गेली ती हीच धूसर हवा.

रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. तिथे ढग होते किंवा पाण्यावर सूर्याची चकाकी होती. जून ते सप्टेंबर नकाशा असा चाळणीसारखाच राहतो. एका दिवसावरून काही ठरवू नका, महिन्याची सरासरी घ्या आणि तीही एकाच उपग्रहाची. हल्ली टेरा आणि अ‍ॅक्वा या दोघांच्या फेरीच्या वेळा सरकत चालल्या आहेत, तेव्हा अलीकडच्या वर्षांतल्या चढउताराकडे जरा संशयानेच बघा.

कॅलिप्सो बंद पडल्यावर आता काय? (डोंबिवली)

मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानचा अर्थकेअर उपग्रह अवकाशात गेला, त्यावर लेसर आणि ढगांचं रडार एकत्र आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नासाच्या पेस उपग्रहावर ध्रुवीकरण मोजणारी दोन उपकरणं गेली. असंच काम करायला निघालेला नासाचा ग्लोरी उपग्रह २०११ मध्ये रॉकेटचं टोपण न सुटल्याने समुद्रात पडला होता. मात्र कॅलिप्सोचा लेसर ५३२ आणि १०६४ नॅनोमीटरचा, अर्थकेअरचा ३५५ चा. दोन्हींचे आकडे सरळ एकापुढे एक जोडता येत नाहीत. आधी एकाचं माप दुसऱ्यात बदलून घ्यावं लागतं, आणि त्या बदलासाठी कणांचा प्रकार आधी ठाऊक असावा लागतो.