पिट्सबर्गला यायचं का नाही, मामा काय म्हणतो ते राहू दे

अरे सॉरी, उत्तर द्यायला आठवडा गेला. तुझा प्रश्न थोडक्यात असा की कंपनी पुण्यातून पिट्सबर्गला पाठवतेय, न्यू जर्सीचा मामा म्हणतो बिनधास्त ये, एवढे चांगले दिवस कधी नव्हते, आणि त्याचीच मुलगी म्हणते दादा येऊ नकोस, इकडे सगळं गाळात चाललंय, आणि हे दोघं एकाच टेबलावर जेवतात तर खरं कोणाचं. खोटं दोघंही बोलत नाहीयेत, फक्त तुला अमेरिकेबद्दल सांगण्याऐवजी ते आपापल्या पार्टीबद्दल सांगतायत. मी २०११ ला आले, तेव्हापासून ह्याच गावात, ग्रीन कार्डच्या लायनीत अजून उभी, टॅक्स सगळा भरते पण मत नाही, त्यामुळे चार निवडणुका नुसत्या बघितल्यात.

आधी पैशाचं. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्के होती, चाळीस वर्षांत एवढी नव्हती, पेट्रोल गॅलनला ५ डॉलर, आणि त्यानंतर वर्षाच्या आत बेकारी ३.४ टक्क्यांवर, १९६९ नंतरची सगळ्यात कमी. आता बायडनवाला बेकारीचा आकडा सांगणार, ट्रम्पवाला महागाईचा, दोन्ही आकडे खरे. मिशिगन युनिव्हर्सिटी दर महिन्याला लोकांना विचारते की अर्थव्यवस्था कशी वाटते, त्यात नोव्हेंबर २०२४ ला ट्रम्प जिंकल्यावर त्यांच्या रिपब्लिकन पार्टीच्या लोकांना अचानक बरं वाटायला लागलं आणि बायडनच्या डेमोक्रॅट पार्टीच्या लोकांना वाईट, दुकानातल्या किमती होत्या तिथेच. मार्च २०२५ ला डझनभर अंडी ६ डॉलरच्या वर गेली, तर आमच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, अर्धा तास भांडण, जुन्या अध्यक्षामुळे का नव्या. बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या होत्या रे, त्यांचं कोणी नावच घेईना.

आणि आता तर आकड्यांवरही भांडण. ऑगस्ट २०२५ ला नोकऱ्यांचा रिपोर्ट कमजोर आला, आधीच्या दोन महिन्यांचे आकडेही बरेच खाली आणले, तर ट्रम्पनी ते आकडे काढणाऱ्या खात्याच्या प्रमुख बाईंनाच काढून टाकलं, म्हणे आकडे मुद्दाम फिरवले, पुरावा काही दिला नाही. हे मला खरंच आवडलं नाही, कारण निदान त्या आकड्यांवर तरी सगळ्यांचं एकमत असायचं.

खरा फरक कुठे पडतो सांगू का, तुम्ही घर कधी घेतलं त्यात. ३ लाख डॉलरचं तीस वर्षांचं कर्ज, २०२१ मध्ये ३ टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण १,२६५ डॉलर, तेच साडेसात टक्क्यांनी घेतलं तर २,१०० च्या आसपास. दोन शेजारी, सारखंच घर, सारखाच पगार, आणि एकाला दर महिन्याला आठशे डॉलर जास्त. मामाने घर खूप आधी घेतलंय, बहिणीला भाड्याने राहायचंय. त्यांच्या भांडणातलं अर्धं कारण मला तरी हेच वाटतं, पार्टी नंतर. तू भाडेकरू म्हणून येणार म्हणजे ह्या बाबतीत बहिणीचं ऐक.

आता निवडणूक, कारण तू नेमका पेनसिल्व्हेनियात येतोयस आणि इथे दर चार वर्षांनी डोकं उठतं. अध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर, त्या ५३८ पैकी १९ आमची, आणि राज्य काठावरचं. २०१६ ला ट्रम्प साधारण ४४ हजारांनी जिंकले, २०२० ला बायडन ८० हजारांनी, २०२४ ला परत ट्रम्प १ लाख २० हजारांनी. म्हणून सगळ्या जाहिराती इकडे ओततात, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मॅच बघायला टीव्ही लावला की एका ब्रेकमध्ये चार जाहिराती, दोन म्हणणार ट्रम्प देश विकेल, दोन म्हणणार कमला हॅरिस विकेल, शेवटी आम्ही टीव्ही म्यूट करून जेवायचो. ट्रम्पवर गोळी झाडली ते बटलर इथून तासाभरावर, त्या रात्री सांगलीहून आईचे सात मिस्ड कॉल.

आपल्याकडे निवडणूक आयोग असतो, तसा इथे देशाचा एक आयोग मतं मोजत नाही. राज्याचा कायदा वेगळा, मोजणी काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, आमच्याच राज्यात ६७ काउंट्या, आणि रात्री निकाल सांगतात ते असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आणि टीव्हीवाले, सरकारी शिक्का मग काही आठवड्यांनी. गंमत म्हणजे ह्यात आमचं गाव फार जुनं, २ नोव्हेंबर १९२० ला पिट्सबर्गच्या केडीकेए रेडिओने अध्यक्षपदाचे निकाल हवेतून सांगितले होते.

२०२० ला मी रात्रभर जागी होते. आमच्याकडे पोस्टाने आलेली मतं निवडणुकीच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडायचीच नाहीत असा कायदा, आणि कोविडमुळे ती लाखांनी आलेली, त्यात डेमोक्रॅट जास्त. म्हणजे मंगळवारी रात्री ट्रम्प लाखांनी पुढे, मग पाकिटं उघडत गेली तशी आघाडी कमी कमी होत गेली आणि शनिवारी बायडन. ज्याला कायदा माहीत त्याला हे आधीच माहीत होतं, ज्याला नाही त्याला वाटलं रात्रीत मतं घुसवली. माझा शेजारी, फार चांगला माणूस, बर्फ पडला की न सांगता आमचा ड्राइव्हवे साफ करतो, तो आजही म्हणतो चोरी झाली. साठच्या वर केसेस झाल्या, चोरी सिद्ध झाली नाही. ट्रम्पकडे झुकणाऱ्या फॉक्स न्यूज चॅनलने मशीनने मतं फिरवल्याचे आरोप दाखवले, तर मतदान मशीनवाल्या डोमिनियन कंपनीने त्यांच्यावर बदनामीचा दावा ठोकला आणि एप्रिल २०२३ ला फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन मिटवलं. मी शेजाऱ्याला सांगितलं तर म्हणाला आमच्या चॅनलवर असं काही नव्हतं. विषय संपला. दुसऱ्या बाजूलाही असे आहेत, २०१६ ला रशियाने प्रचारात ढवळाढवळ केली हे खरं, पण रशियाने मतंच बदलली असं मानणाऱ्या मैत्रिणी मला भेटल्यात. फक्त तेव्हा हरलेल्या हिलरी क्लिंटनबाईंनी दुसऱ्या दिवशी हार मान्य केली, हा फरक छोटा नाही.

सगळंच दोन पार्ट्यांत बसतं असंही नाही बरं का. इथली पोलाद कंपनी यूएस स्टील जपानच्या निप्पॉन स्टीलने विकत घ्यायची ठरवली तेव्हा बायडन विरोधात, ट्रम्पही विरोधात, युनियनचे नेते विरोधात, आणि आमच्या गावाजवळच्या मॉन व्हॅलीतल्या पोलाद कारखान्यांतले बरेच कामगार मात्र म्हणत होते येऊ द्या, निदान भट्ट्यांत पैसा तरी घालतील. बायडननी जानेवारी २०२५ ला सौदा अडवला, ट्रम्पनी जूनमध्ये सरकारला खास अधिकार ठेवून तोच मंजूर केला. टीव्हीवर हे कामगार मला क्वचितच दिसले.

तुझ्या व्हिसाचंही तसंच, एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसावर ट्रम्पचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन पण चिडतात आणि डावे सिनेटर बर्नी सँडर्स पण, तेव्हा अमुक पार्टी आली की आपलं भलं असं समजू नकोस. सप्टेंबर २०२५ ला देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर फी लावली होती, त्यामुळे कंपनीला लेखी विचार की एच-वन का एल-वन (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा), फी कोण भरणार, आणि नोकरी गेली तर परतीचं तिकीट कोण देणार. एच-वनवर नोकरी गेली की साधारण ६० दिवस हातात असतात, मामा हे विसरला असेल, त्याला सिटिझन होऊन वीस वर्षं झाली.

ऑफिसात राजकारण काढू नकोस. कोणी काढलं तर मी म्हणते मला मत नाही, आणि मग दोन्ही बाजूचे मला समजावत बसतात, मी डबा खाते. घरासमोरच्या पाट्या बघून कोण कोणाचं ते कळतंच. आणि हो, इथे मतदार नोंदणी करताना पार्टीसुद्धा लिहून देतात लोक, आणि ती माहिती उघड असते, मला पहिल्यांदा कळलं तेव्हा धक्काच बसला होता.

शेवटचं, पण हे पाठ कर. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार म्हणून नोंदणी करायची का असं विचारलं तर नाही म्हण आणि सही करायच्या आधी स्क्रीन परत वाच. सिटिझन नसताना चुकून नोंदणी झाली किंवा मत दिलं तर गुन्हा होऊ शकतो, पुढे ग्रीन कार्ड अडकतं. माझ्या ओळखीतल्या एकाचं काउंटरवरच्या घाईत हो दाबलं गेलं होतं, तो दोन वर्षं वकिलाला पैसे देत होता.

ऑफर लेटरमधला पगार आणि ऑफिस कुठल्या भागात आहे ते पाठव, भाडं आणि बसचं मी बघून सांगते.