'बृहत्प्रमाण' नकाशा : मोठे ते नेमके काय?

प्रश्न असा आहे : "भूगोलाच्या पुस्तकात गावाच्या नकाशाला 'बृहत्प्रमाण' आणि जगाच्या नकाशाला 'लघुप्रमाण' म्हटले आहे. जग मोठे, गाव लहान. मग ही नावे उलटी पडली नाहीत का? ती बदलायला नकोत का? शिवाय शब्द 'बृहत्प्रमाण' लिहायचा की 'बृहद्प्रमाण'?"

नावे बरोबर आहेत. पण ती उलटी वाटतात याला सबळ कारण आहे आणि ते आपल्या रोजच्या मराठीत आहे. 'मोठ्या प्रमाणावर पाऊस झाला', 'मोठ्या प्रमाणावर वृक्षतोड झाली' असे आपण सतत बोलतो. तिथे प्रमाण म्हणजे व्याप्ती, पुष्कळपणा. हा वाक्प्रयोग इतका अंगवळणी पडला आहे की 'मोठ्या प्रमाणावरचा नकाशा' म्हटले की 'पुष्कळ मोठा मुलूख दाखवणारा नकाशा' असाच अर्थ डोक्यात येतो. नकाशा काढणाऱ्यांचे प्रमाण ते नव्हे. त्यांचे प्रमाण गणितातल्या गुणोत्तराचे : कागदावरचे अंतर भागिले जमिनीवरचे अंतर.

मुळात 'प्रमाण' हा शब्द 'मा' म्हणजे मोजणे या धातूचा. मान, परिमाण, अनुमान ही सगळी त्याचीच भावंडे. ज्याने मोजायचे ते प्रमाण. ज्यावर भिस्त ठेवून खरेखोटे ठरवायचे ते ज्ञानाचे साधनही प्रमाण, म्हणून न्यायशास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान ही प्रमाणे. सगळ्यांनी एकच धरून चालायची ती प्रमाणवेळ. नकाशाच्या बाबतीत हा शब्द मला फार नेमका वाटतो, कारण प्रमाण लिहिलेले नसेल तर ते चित्र कितीही सुबक असो, त्यावरून काहीच मोजता येत नाही. अशा चित्राला कच्चा आराखडा म्हणतात आणि भूगोलाचे शिक्षक त्याला नकाशा म्हणू देत नाहीत ते योग्यच करतात.

आता 'मोठे' काय ते पाहू. गावाचा नकाशा १:५,००० या प्रमाणाचा आहे, म्हणजे कागदावरचा १ सेंमी जमिनीवरच्या ५० मीटरचा. भिंतीवरचा जगाचा नकाशा १:४,००,००,००० चा आहे, म्हणजे १ सेंमीला ४०० किमी. विषुववृत्ताची लांबी सुमारे ४०,०७५ किमी, तेव्हा असा नकाशा साधारण १ मीटर रुंद होतो. ही प्रमाणे अपूर्णांकात मांडा : एक पाच हजारांश (१/५,०००) आणि एक चार कोट्यंश (१/४,००,००,०००). छेद जितका मोठा तितका अपूर्णांक लहान. पाच हजारांश हा चार कोट्यंशाच्या ८,००० पट आहे, म्हणून गावाचे प्रमाण बृहत् आणि जगाचे लघु. सारा घोटाळा होतो तो ४ कोटी हा आकडा ५ हजारांपेक्षा मोठा दिसतो म्हणून. तो आकडा छेदात आहे, हे मनात पक्के बसले की प्रश्न उरत नाही.

तरी नुसत्या अपूर्णांकाने सगळ्यांचे समाधान होत नाही, म्हणून एक दरी घेऊ. दरीचा तळ ४०० मीटर रुंद. त्यातून ६० मीटर रुंदीची नदी वाहते, तिच्या कडेने १० मीटरचा रस्ता आणि एक लोहमार्ग. १:५,००० वर नदी १२ मिमी रुंद दिसते, रस्ता २ मिमी. दोन्ही काठ वेगळे काढता येतात, पूल कुठे आहे ते दाखवता येते, पुलाची लांबीही मोजता येते. १:५०,००० वर नदी १.२ मिमीची पट्टी होते आणि रस्ता ०.२ मिमी. रस्त्याची खरी रुंदी आता नजरेला पेलत नाही, म्हणून तो ठरावीक जाडीच्या रेघेने, म्हणजे चिन्हाने दाखवायचा. १:१०,००,००० वर नदी ०.०६ मिमी होते, म्हणजे माणसाच्या केसाइतकी बारीक, आणि सबंध दरी ०.४ मिमी. एवढ्या जागेत नदी, रस्ता, लोहमार्ग अशा तीन स्वतंत्र रेषा मावतच नाहीत. वाचता येण्याजोग्या तीन रेषा आणि त्यांच्यामधली फट धरली तर निदान दीड मिमी लागतो, म्हणजे जमिनीवरचे दीड किलोमीटर. मग नकाशाकार बहुधा नदी जागेवर ठेवतो आणि रस्ता व लोहमार्ग जाणूनबुजून बाजूला सरकवतो. नदीचे बारीक वळसे सरळ करतो, लहान वाड्या गाळतो, गावाचा ठिपका करतो. या कामाला सामान्यीकरण म्हणतात, आणि माझ्या मते नकाशाशास्त्रातली खरी कला इथेच आहे. काय ठेवायचे, काय सोडायचे आणि काय हलवायचे हे ठरवायला त्या भूभागाची समज लागते. नुसते गणित पुरत नाही.

म्हणजे 'बृहत्प्रमाण' नकाशात मोठे काय असते? प्रत्येक वस्तू मोठी दिसते. घर, विहीर, पूल, बांध. मुलूख मात्र थोडाच मावतो. वर्गात शिकवताना 'जितके जवळ जाल तितके प्रमाण मोठे' असे सांगितले तर मुलांना ते चटकन उमगते.

बृहत् आणि लघु यांच्यातली सीमारेषा मात्र सर्वांनी मान्य केलेली नाही. १:५०,००० ला कुणी बृहत्प्रमाण म्हणतात, कुणी मध्यमप्रमाण. घर बांधणाऱ्याला १:१०० च्या नकाशाची सवय, त्याला ते लघुच वाटणार.

दुसरी एक अडचण मोठ्या माणसांचीही होते. १:५०,००० चा नकाशा यंत्रावर दुप्पट मोठा करून छापला तर तो बृहत्प्रमाण झाला का? लांबी-रुंदी दुप्पट झाली, तेव्हा अंकगणिताने तो १:२५,००० चा झाला. पण कोपऱ्यात अजून १:५०,००० छापलेले आहे. त्यावर विसंबून कोणी ४ सेंमी मोजून '२ किमी' म्हणाला तर तो फसला, जमिनीवर अंतर १ किमीच आहे. रेषाप्रमाणाचे, म्हणजे नकाशाखाली काढलेल्या भागांच्या पट्टीचे, मोल इथे कळते. शब्दप्रमाण ('१ सेंमीला ५०० मीटर') आणि अंकप्रमाण ('१:५०,०००') मूळ आकारापुरते खरे. ही पट्टी नकाशाबरोबर वाढते आणि आटते, म्हणून ती खरी राहते. तपशील मात्र वाढत नाही. मूळ नकाशात गाळलेली विहीर मोठ्या प्रतीत उगवत नाही, आणि अर्ध्या मिमीची मूळ चूक जमिनीवर २५ मीटरची होती ती २५ मीटरचीच राहते. अशा प्रतीला '१:५०,००० ची वर्धित प्रत' म्हणावे, बृहत्प्रमाण म्हणू नये.

पडद्यावरच्या नकाशांनी हा गोंधळ वाढवला आणि थोडा सोडवलाही. तिथे 'मोठा करा' म्हणजेच प्रमाण मोठे करा, आणि मुलूख आपोआप आक्रसत जातो, हे बोटांना आता ठाऊक झाले आहे. बहुतेक नकाशांत प्रत्येक पायरीला प्रमाण दुप्पट होते, म्हणजे दहा पायऱ्यांत १,०२४ पट. पण एकच नकाशा लहान पडद्यावर आणि मोठ्या पडद्यावर वेगळ्या आकाराचा दिसतो, म्हणून अंकप्रमाण तिथे टिकत नाही. कोपऱ्यात रेषाप्रमाण देतात ते त्यासाठी.

आणखी एक बारकावा. जगाच्या नकाशावर जे प्रमाण छापलेले असते ते सगळीकडे लागू नसते. गोल पृष्ठभाग सपाट करताना कुठेतरी ताण येणारच. गेरार्डस मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये मांडलेल्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीत, छापलेले प्रमाण विषुववृत्तावर खरे धरले, तर ६० अंश अक्षांशावर ते दुप्पट होते. विषुववृत्तावर १ सेंमीला ४०० किमी, तर तिथे १ सेंमीला २०० किमी. क्षेत्रफळ चौपट फुगते. ग्रीनलंड आणि आफ्रिका त्या नकाशावर जवळपास सारखे दिसतात ते यामुळे. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे. आपल्या शब्दांत सांगायचे तर एकाच कागदावर विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जाताना प्रमाण बृहत् होत जाते.

नावे बदलावीत का? मला तसे वाटत नाही. अडचण मराठीपुरती नाही. परिसंस्थांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही विस्तृत प्रदेशाच्या अभ्यासाला मोठ्या प्रमाणाचा म्हणतात, आणि नकाशाकारांबरोबर बसले की दोघांचे बोलणे एकमेकांना छेद देते. 'बृहत्प्रमाण' ही जोडून लिहिलेली संज्ञा राहू द्यावी. तिचे तुकडे करून 'मोठ्या प्रमाणावरचा नकाशा' असे मात्र लिहू नये, तिथेच अर्थ निसटतो. चालू लिखाणात सरळ आकडा द्यावा : '१:१०,००० चा नकाशा'. प्रदेश मोठा आहे असे म्हणायचे असेल तर 'विस्तृत प्रदेशाचा' म्हणावे, बारकावे पुष्कळ आहेत असे म्हणायचे असेल तर 'सविस्तर' म्हणावे. शब्दप्रमाण लिहिताना '१ सेंमी = ५ किमी' असे बरोबरीचे चिन्हही टाळावे, कारण सेंटिमीटर किलोमीटरइतका कधीच नसतो. जुन्या नकाशांचे प्रमाण 'एक इंचास एक मैल' असे सांगतात, म्हणजे १:६३,३६०. त्यातला 'स' प्रत्यय ते नाते अचूक सांगतो. 'एक सेंमीस पाच किमी' म्हणायला काहीच हरकत नाही.

राहिला लेखनाचा प्रश्न. 'बृहद्प्रमाण' असे छापलेले दिसते, पण संधीच्या नियमाने 'बृहत्प्रमाण' बरोबर. पुढे 'प' सारखे कठोर व्यंजन आले की 'त्' तसाच राहतो, जसे जगत्प्रसिद्ध. 'ग' सारखे मृदू व्यंजन किंवा स्वर आला की त्याचा 'द्' होतो, जसे जगद्गुरू, जगदीश. कोणी 'जगद्प्रसिद्ध' लिहीत नाही, तसेच हे.