खोड काढायचंय? वाफसा येऊ द्या

इंदूरच्या काळ्या मातीत बुंधा उपटायचा तर घाई नको. पावसाळ्यात ही माती कुदळीला चिकटते, खड्ड्यात पाणी साचतं. मे महिन्यात ती दगडासारखी होते, पहारही उडते. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत वाफसा असतो, म्हणजे माती फार ओलीही नसते आणि कोरडीही नसते, तेव्हाच हात घाला. मूठभर माती दाबून पाहा: गोळा व्हावा, पण बोटांना चिकटू नये.

झाड तोडतानाच तीन-चार फूट खोड ठेवा. जमिनीलगत कापलंत की हलवायला तरफच उरत नाही, ही चूक बहुतेकजण करतात. बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर गोल चर खणा, दोन फूट खोल. मुळांवरची माती पाण्यानं धुऊन मगच कुऱ्हाड चालवा, नाहीतर दोन घावांत धार जाते. आजूबाजूची मुळं तुटली की खोड हलवून पाहा. अडलं तर खाली मूळ आहे, जोर लावू नका, आणखी खणा. भिंत किंवा नळाची लाइन जवळ असेल तर चेननं ओढणं टाळाच.

सुबाभूळ मात्र मुळाशी थोडी उरली तरी फुटते, ती पूर्ण काढा. खड्डा भरताना माती सहा इंच उंच ठेवा, पुढच्या पावसात ती बसतेच.